पळतीबाई

चालणं हा प्रकार आमच्या आत्याबाईंना ठाऊकच नव्हता. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. वय साठीच्या जवळ, पायांत कधी वहाण नाही, नऊवारी लुगडं घोट्याच्या वर खोचलेलं, खांद्याला कापडी पिशवी, आणि ही बाई बांधावरून, ओढ्यातून, एसटीच्या मागून कायम पळत. पळणंही मोठं मजेशीर होतं. डोकं पुढं काढून, लहान लहान पावलं टाकत दुडक्या चालीनं जायच्या. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, कुणाच्या गंजीला आग लागली. गावातली पोरं त्यांना 'पळतीबाई' म्हणायची. पुढं थोरांच्या तोंडीही तेच नाव बसलं. तिसगावच्या बाजारात त्यांचं खरं नाव विचारलं असतं, तर कुणाला सांगता आलं नसतं.

"अवो बाई, जरा सबुरीनं," असं कुणी म्हणालं की पळता पळताच उत्तर यायचं, "चांगला निरोप हाय बाबा! वाटंत शिळा नको व्हायला!"

निरोप कसला, ते सांगायला हवं. तीस वर्षं त्या मिशनच्या सुवार्तिकबाई होत्या. आजूबाजूची दहा-बारा खेडी त्यांच्याकडे. रोज दोन-तीन गावांतल्या बायांना भेटायचं, येशूची गोष्ट सांगायची, कुणाला अक्षरं शिकवायची, कुणाच्या पोराच्या डोळ्यांत औषध घालायचं. वय झालं म्हणून मिशननं त्यांना रजा दिली, तेव्हा म्हणे त्या पाळकसाहेबांना म्हणाल्या, "साहेब, काम तुमचं हुतं व्हय? मला वाटलं माझंच हाय." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी खांद्याला लावून पुन्हा पळाल्या.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या हळदीच्या दिवशी. एकाहत्तर सालच्या मे महिन्यात, श्रीरामपूरला. माझे वडील साखर कारखान्यात स्टोअरकीपर होते. दारात मांडव, मी पाटावर, अंगभर हळद. एवढ्यात गल्लीच्या टोकाला गलका झाला. वऱ्हाडाची एसटी स्टँडवर लागली होती आणि सगळं वऱ्हाड मागं टाकून एक म्हातारी एकटीच पळत येत होती. "कुठं हाय? माझी सून कुठं हाय?" मांडवात शिरून त्यांनी माझा हळदीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि अशा हसल्या, की मीही हसले. त्यांच्या पांढऱ्या लुगड्यावर माझी हळद लागली. "लागू दे, लागू दे," म्हणाल्या, "आज माझं बी लगीन हाय!" आई माझ्या कानाशी पुटपुटली, "सरला, तुझी सासू जरा हलक्या डोक्याची वाटते गं."

मी मात्र जड डोक्याची होते. मला वस्तूंचं फार. घरी रेडिओ होता, छताला पंखा होता, आणि मैत्रिणींच्या घरी काय काय आहे हे मला तोंडपाठ होतं. सासरी जाताना मी एक मोठी लोखंडी पेटी नेली. तिच्यात जरीचा शालू, स्टीलची भांडी, ट्रान्झिस्टर, फुलांच्या कपबशा, आरसा. ती पेटी बैलगाडीतून उतरवताना चार माणसं लागली, याचा मला अभिमान वाटला होता.

आणि उतरवली कुठं? तिसगावपासून दीड कोसावरच्या त्या कोरड्या गावात, ख्रिस्तवस्तीतल्या एका धाब्याच्या घरात. मातीच्या भिंती, मातीचं छत, शेणाची जमीन. एक बाज, एक उतरंड, दोन हंडे, खुंटीला एक कंदील. एवढाच संसार. माझे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. पगार असायचा, पण आत्याबाई तो कुणाच्या औषधाला, कुणाच्या पुस्तकाला इतक्या आनंदानं वाटून टाकायच्या, की लेकाला नाही म्हणणं जमत नसे. मी दारात उभी राहून घर पाहिलं आणि माझं रडू कोसळायच्या बेतात आलं. शेजारीण विचारत होती, "काय बाई, कसं काय?" आत्याबाईंनी हात पसरून सगळं घर दाखवलं आणि ओरडल्या, "भरलं हाय! भरलं हाय बघ!"

तो त्यांचा शब्दच होता. कुणी विचारलं, कसं चाललंय? "भरलं हाय." जेवलात का? "भरलं हाय." डब्यात पीठ नसलं तरी तेच. एकदा मी वैतागून विचारलं, "आत्याबाई, काय भरलंय नेमकं? मला तर सगळी भांडी रिकामी दिसतात." त्या चुलीपुढं बसल्या होत्या. फुंकणी बाजूला ठेवून माझ्याकडे वळल्या. डोळे असे चमकले, जणू हा प्रश्न कुणी विचारावा म्हणून वर्षभर वाट बघत होत्या.

"अगं, जीव भरलाय! येशू हितं राहतो," छातीवर हात मारून म्हणाल्या. "एवढा मोठा धनी घरात हाय, मग मी कोनाड्यात काय हाय आन काय न्हाई ते कशाला मोजत बसू?"

मला ते पटलं नाही. लहानपणापासून आमच्या ख्रिस्ती देवळात जात होते, उपासनेत हे सगळं ऐकलं होतं. पण ते रविवारी ऐकायचं असतं आणि सोमवारी कपबशा पुसायच्या असतात, अशी माझी समजूत.

पहिलं भांडण झालं ते शालूवरून. गावातल्या एका ऊसतोडणी कामगाराच्या मुलीचं लग्न होतं. एका सकाळी मी पेटी उघडली तर शालू नाही. आत्याबाई बाहेरून पळत आल्या. "सरला, चल, चल! पोरगी काय दिसतीय तुझ्या शालूत! पेटीत बिचारा गुदमरला हुता." मी आत जाऊन पालथी पडले आणि दुपारपर्यंत रडले. लग्न लागून गेल्यावर शालू परत आला. त्याला हळदीचा डाग होता आणि गुळाचा वास.

तो शालू माझ्यासमोर ठेवून त्या खाली बसल्या. पहिल्यांदाच मी त्यांना स्वस्थ बसलेलं पाहिलं. "माझं चुकलं, सरला," म्हणाल्या. "आनंदाच्या भरात इसरले. आपल्या पदरातलं द्यावं, दुसऱ्याच्या न्हाई. तुझी वस्तू मी दिली ते दान न्हवं, चोरी झाली. मला माफ कर." आणि सुनेपुढं हात जोडले! मी घाबरून त्यांचे हात धरले. त्यानंतर त्यांनी माझ्या पेटीला कधी हात लावला नाही. लावला असता तर बरं, असं मला पुढं वाटायला लागलं, ही गोष्ट वेगळी.

त्याच दिवशी त्यांनी मला पुतळ्यांच्या माळेची गोष्ट सांगितली. एकोणीस वर्षांच्या असताना त्यांना सोन्याच्या पुतळ्यांची माळ हवी होती. मामंजी, म्हणजे माझ्या लग्नाआधीच वारलेले माझे सासरे, गवंडीकाम करायचे. बायकोच्या हट्टापायी परमुलखात जाऊन दोन वर्षं राबले आणि माळ घेऊन आले. "ती माळ घालून मी पाण्याला बी जायचे," आत्याबाई म्हणाल्या. "आन त्याच साली गावात पटकी आली. दोन दिवसांत दोन लेकरं गेली माझी. धाकटं मांडीवर गेलं. गळ्यात सोनं आन मांडीवर थंड लेकरू. ती माळ इतकी जड झाली गं, मान वर हुईना."

त्या वेळी मिशनची एक म्हातारी बाई त्यांच्या घरी आली. काही बोलली नाही. तीन दिवस शेजारी नुसती बसून राहिली, भाकरी करून घालत राहिली. चौथ्या दिवशी आत्याबाईंनीच विचारलं, "तुमी कुणाच्या सांगन्यावरून आला?" मग तिनं येशूचं नाव सांगितलं.

"मी त्याला लई भांडले," आत्याबाई म्हणाल्या. "म्हनलं, लेकरं दे परत. त्यानं लेकरं न्हाई दिली. तो स्वतःच आला. कसं सांगू तुला? रानात एकटी रडत हुते आन वाटलं, कुनीतरी माझ्याआधी रडून गेलंय हितं. त्या दिवसापासून भरलंय बघ. कमीच हुईना!" आणि डोळे पुसता पुसता त्या हसायला लागल्या. माळ त्यांनी मामंजींना परत दिली. ती विकून लोखंडी पहारी, घण, दोर आणि सुरुंगाची दारू आली, आणि नवरा-बायकोनं आपल्या तुकड्यात विहीर खणायला घेतली. आमच्या माणसांना तेव्हा गावच्या विहिरीवर पाऊल टाकायची मुभा नव्हती. घागर लांब ठेवून उभं राहायचं, कुणाला दया आली तर वरून पाणी ओतायचं. चार उन्हाळे दोघं त्या मुरमाशी झगडले. पाचव्या वर्षी पाणी लागलं, तेव्हा मामंजी विहिरीच्या तळाशी नाचले म्हणे, आणि वर काठावर आत्याबाई.

मग बहात्तर साल आलं. त्याच्या आदल्या वर्षीही पाऊस नव्हता, त्या वर्षी तर आभाळानं पाठच फिरवली. गावच्या विहिरीत पोरं उतरून वाटीनं पाणी भरायची. रेशनवर मिलो ही परदेशी लाल ज्वारी आली, तिची भाकरी थापताना फाटायची. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं, उरलेलं दुष्काळी कामावर खडी फोडायला. आणि त्या सगळ्या पट्ट्यात पाणी टिकलं होतं ते आमच्या विहिरीला. फार नाही, पण सकाळी कमरेएवढं भरलेलं असायचं. गावातली बहुतेक घरं आमच्या रहाटावर येऊ लागली. आत्याबाई पहाटेपासून काठावर. "या, या! सखू, तुझी घागर पुढं घे. अगं, आज येशूनं कालच्यापरीस चार बोटं जास्त दिलंय!" कुणाच्या घरी लग्न असल्यासारखी त्यांची धांदल चालायची.

अशा दिवसांत एके दुपारी दारात जीप थांबली. शेवगावच्या वाटेवरचे एक मोठे बागाईतदार होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. त्यांची संत्र्या-मोसंबीची बाग वाळत चालली होती. माणूस वाईट नव्हता. ते ओसरीवर टेकले. "बाई, पंधरा वर्षांची झाडं हायती. लेकरावानी वाढवली. उन्हाळ्यापुरती तुमची विहीर मला द्या. इंजिन माझं, पाइप माझा. बदल्यात तुम्हाला हितं पक्कं घर बांधून देतो. विटा, सिमेंट, वर पत्रे, खाली शहाबादी फरशी. तीन खोल्या."

तीन खोल्या! शहाबादी फरशी! मी दाराची चौकट घट्ट धरली. मनातल्या मनात मी आरसा कुठं लावायचा ते ठरवूनही टाकलं. गुरुजी म्हणाले, "आणि गावाचं पाणी?" अण्णा म्हणाले, "सरकार टँकर पाठवणार हाय म्हनत्यात." टँकर येणार असं सहा महिने सगळेच म्हणत होते.

आत्याबाईंनी आधी अण्णांना चहा दिला. मग माझ्याकडे पाहिलं. "विहीर माझ्या नावावर हाय," त्या म्हणाल्या, "पर घर सरलाचं हाय. मी काय, आज हाय उद्या न्हाई. तिच्या घरावर पानी सोडायचा मला हक्क न्हाई. एकदा तसली चूक केलीया मी. सरला ठरवील." मग मला म्हणाल्या, "परवा सांग अण्णांना. फकस्त उद्याचा एक दिस माझ्यासंगं चल."

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही निघालो. मी चालत, त्या पळत. थोड्या वेळानं मीही पळायला लागले, दुसरा इलाजच नव्हता. आधी गेलो गंगूबाईकडे. तिचे तिन्ही लेक ऊसतोडीला गेलेले, म्हातारी एकटी, डोळ्यांनी अधू. लेकाचं कार्ड येऊन पडलं होतं. आत्याबाईंनी ते वाचलं. त्यात चार ओळी होत्या: आम्ही खुशाल, तू खुशाल राहा, बैल बरे आहेत, होळीनंतर येऊ. "पुन्यांदा वाच," गंगूबाई म्हणाली. आत्याबाईंनी पुन्हा वाचलं, पहिल्यापेक्षा मोठ्यानं, जणू आत्ताच पोस्टमननं आणून दिलंय. मला नंतर कळलं, हे कार्ड आठवडाभरापूर्वी आलेलं होतं आणि आत्याबाई ते रोज वाचत होत्या.

तिथून खडीच्या कामावर. माळावर शे-दीडशे बाया उन्हात दगड फोडत होत्या. भाकरीच्या सुटीत आत्याबाईंनी पिशवीतून पाट्या काढल्या. सात-आठ जणी भोवती जमल्या. तिथं राधा नावाची एक जण होती, माझ्याच वयाची, हाताला चिंध्या गुंडाळलेली. मुकादम हजेरीपट घेऊन आला, शाईचा डबा पुढं केला, सगळ्यांचे अंगठे घेत घेत राधापाशी आला. राधानं डबा बाजूला सारला. "पेन द्या," म्हणाली. मुकादम हसला, पण दिला. चिंध्यांच्या बोटांत पेन धरून, जीभ दातांत पकडून, तिनं लिहिलं. रा. मग धा. 'धा'चा काना जरा लांब गेला.

आत्याबाईंनी उडीच मारली. "प्रभूची स्तुती असो! लिवलं! राधानं लिवलं!" त्या तिच्याभोवती टाळ्या वाजवत फिरल्या. बाया हसायला लागल्या, एक म्हातारी म्हणाली, "असो बाई असो, तुमच्या प्रभूची बी असो आन आमच्या इठूची बी असो!" राधा मात्र हसत नव्हती. ती त्या हजेरीपटाकडे बघत होती. एवढा आनंद मला माझी पेटी उघडताना कधी झाला नव्हता.

ऊन डोक्यावर आलं. एका घागरीतून बाया घोट घोट पाणी पीत होत्या. पेला तोंडाला लावायचा, एक घोट, पुढं द्यायचा. माझ्यापर्यंत आला तेव्हा मी विचारलं, "हे पाणी कुठलं?"

राधा म्हणाली, "तुमच्याच हिरीचं, वयनी. दुसरं कुठलं?"

मी पेला तसाच पुढं दिला.

परत आलो तेव्हा विहिरीवर बायांची रांग होती, आणि रांगेपासून दूर, बाभळीखाली, थोरल्या पाटलीणबाई उभ्या होत्या. सत्तरीच्या, डोक्यावरून पदर, शेजारी पितळी घागर. त्यांच्या वाड्यातलं माणूस आजवर आमच्या वस्तीत आलेलं नव्हतं. गडीमाणसं कामावर गेलेली, सून बाळंतीण, म्हणून म्हातारी स्वतः आली होती. तरुणपणी आत्याबाई गावच्या विहिरीपाशी घागर ठेवून उभ्या राहायच्या, तेव्हा वरून पाणी ओतणाऱ्यांत त्याही होत्या आणि न ओतता निघून जाणाऱ्यांतही.

आत्याबाई पळत त्यांच्याकडे गेल्या. पाटलीणबाईंनी मान खाली घालून घागर पुढं केली. "वाढ बाई, वाईच पानी," म्हणाल्या.

"न्हाई वाढायची," आत्याबाई म्हणाल्या.

रांगेतली कुणीतरी "आता गं?" असं पुटपुटली. आत्याबाईंनी पाटलीणबाईंचा हात धरला, त्यांना थेट काठावर आणलं आणि रहाटाचा दोर त्यांच्या हातात दिला. "हितं वरून कुनी कुनाला वाढत न्हाई, पाटलीनबाई. तुमच्या हातानं शेंदा. तुमचीच हीर हाय."

पाटलीणबाईंनी पोहरा खाली सोडला. भरलेला पोहरा त्यांना ओढवेना. तेव्हा आत्याबाईंनी मागून दोर धरला आणि दोघी म्हाताऱ्यांनी मिळून तो वर घेतला. पाणी हिंदकळून दोघींच्या पायांवर पडलं. पाटलीणबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि हळूच म्हणाल्या, "लई थंड हाय गं." आत्याबाईंचा चेहरा असा उजळला होता, की मी तसा चेहरा नाताळच्या सकाळीही कुणाचा पाहिला नव्हता. सूड नव्हता त्यात, मोठेपणाही नव्हता. लहान पोरीला खेळायला सोबतीण मिळाली की ती दिसते, तशा त्या दिसत होत्या.

तिसऱ्या दिवशी अण्णा आले. मी पुढं झाले. म्हणाले, "अण्णा, विहीर देता येणार नाही. घर नको."

अण्णा टोपी घालून उठायला लागले. मग आत्याबाईच म्हणाल्या, "अण्णा, सगळ्यांचं भरून झाल्यावर सांजच्याला खाली थोडं उरतं. रोज एक बैलगाडी पाठवत जा. दोन पिपं भरून न्या. सगळी बाग न्हाई, पर चार झाडं जगतील." अण्णांनी मान हलवली. पावसाळ्यापर्यंत त्यांची गाडी रोज यायची. बाग बरीचशी गेली, पण एक ओळ वाचली, आणि त्या माणसानं आमच्यावर कधी राग धरला नाही.

अण्णांची जीप गेल्यावर मला वाटलं होतं, आता मनात काहीतरी पवित्र वाटेल. कसलं काय! मी चुलीपुढं बसून हमसून हमसून रडले. त्या फरशीसाठी रडले. आत्याबाई आल्या, शेजारी टेकल्या, माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "रड, रड. फरशी लई चांगली असती." आणि त्यांना हसू आलं. मग मलाही आलं. दोघी वेड्यासारख्या हसत सुटलो, गुरुजी शाळेतून आले तर त्यांना कळेना रडतायत की हसतायत.

त्यानंतर मी रोज विहिरीवर उभी राहू लागले. पहाटे दोर ओढायचा, घागरी पुढं घ्यायच्या, कुणाची लेक आजारी, कुणाची म्हैस गेली, ते ऐकायचं. एके दिवशी पोहरा वर घेता घेता लक्षात आलं, तीन आठवडे झाले, आपण फरशी आठवलेली नाही. पेटी उघडलेली नाही. मी दोर हातात धरून तशीच थांबले. आत काहीतरी काठोकाठ आलेलं होतं. कधी आलं, कुठून आलं, कळलं नव्हतं. मला इतका आनंद झाला, की मी ओरडले, "आत्याबाई!" त्या पलीकडून धावत आल्या. "काय गं? काय झालं?" मला सांगता येईना. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि सगळं समजून माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "आला!" म्हणाल्या. "आला बघ माझा येशू तुझ्याकडं!" भोवतालच्या बाया विचारत होत्या, कोण आलं, कोण पाव्हणं?

दुष्काळ सरला. चौऱ्याहत्तर साली आम्हाला मुलगी झाली. ती चार महिन्यांची असताना आत्याबाईंच्या पोटात गाठ निघाली. नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी गुरुजींना बाजूला घेऊन सांगितलं की फार दिवस नाहीत. गुरुजींनी आईला सांगायचं कसं म्हणून दोन दिवस काढले. शेवटी आत्याबाईंनीच लेकाला विचारलं, "दानू, मला बोलावनं आलंय का?" गुरुजी रडत हो म्हणाले. आत्याबाई खाटेवर उठून बसल्या. "मग हितं कशाला ठेवलंय मला? घरी चला! मला सगळ्यांना सांगायचं हाय!"

महिनाभर घरात माणसांची रीघ होती. प्रत्येकाला त्या लग्नाला निघाल्याच्या आनंदात सांगायच्या, "मी जानार हाय! बघनार हाय त्याला!" दुखणं फार होतं. ते आलं की डोळे मिटून ओठ घट्ट धरायच्या, ओसरलं की पुन्हा तेच. एकदा मला जवळ बोलावून लहान मुलीसारखं विचारलं, "सरला, दिसायला कसा असंल गं तो?"

एका रविवारी सकाळी उपासनेच्या वेळी सगळी वस्ती देवळात गेली. घरात आम्ही दोघीच, आणि पाळण्यात मुलगी. ऊन दारातून थेट त्यांच्या अंथरुणावर आलं होतं. त्या म्हणाल्या, "आज तू प्रार्थना म्हन. मोठ्यानं."

मी आजवर कुणापुढं मोठ्यानं प्रार्थना केली नव्हती. लाज वाटायची. मी त्यांचा हात हातात घेतला, डोळे मिटले. "काय मागू, आत्याबाई?"

"तुला काय पायजे ते माग," त्या पुटपुटल्या.

मी सुरुवात केली. काय हवं आहे ते शोधायला लागले आणि मला काही सापडेना. त्यांचं आयुष्य मागावं, तर त्या इतक्या आनंदानं निघालेल्या. बाकी काही आठवेना. मग मी आभार मानायला लागले. पाळण्यातल्या लेकीसाठी मानले, गुरुजींसाठी मानले. गंगूबाई, राधा, पाटलीणबाई, अण्णा, एकेक नाव घेत गेले. मिलोच्या भाकरीचे मानले, त्या उन्हाचेसुद्धा मानले. एक म्हटलं की दुसरं आठवे, दुसरं म्हणेपर्यंत तिसरं. माझा आवाज चढत गेला, धाप लागली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी हसत होते. शेवटी त्यांच्यासाठी आभार मानले, की देवा, या बाईच्या घरी तू मला सून म्हणून पाठवलंस.

आणि थांबले. आता त्या आमेन म्हणतील म्हणून थांबले.

देवळातून गाण्याचा आवाज येत होता. मी बराच वेळ वाट पाहिली. मग आमेन मी एकटीनंच म्हटलं.